नळीच्या तोंडाशी

४ फेब्रुवारी

सूनबाईचा हात ढिला पडलाय, असं आज तिच्या कोचनं मला सांगितलं. मला, तिला नाही. ती घरी विसरलेली पाण्याची बाटली द्यायला मी शूटिंग रेंजवर गेले होते, तर हा माणूस दारातच उभा. पोट पुढे, गळ्यात शिट्टी, हातात तिच्या टार्गेटचा कागद. तो कागद माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "बघा काकू, गेल्या वर्षी पाचही गोळ्या कोटाच्या बटणाखाली झाकायच्या. आता बशी लागते." स्वतः पन्नाशीला टेकलाय आणि मी काकू.

मी म्हटलं, हात नाही, पिस्तूल बिघडलं असेल. तर हसला. तुमच्याइतकं पिस्तूल कुणी सांभाळत नाही, त्याला काय धाड भरणार, म्हणाला. कौतुक माझं करायचं आणि खापर पोरीच्या मनगटावर फोडायचं.

महिनाअखेरीला निवड चाचणी आहे. तिच्या ऑफिसनं अर्ध्या दिवसाची सवलत दिली आहे ती या वर्षापुरतीच. निवड झाली नाही की पुन्हा उजाडताना जा, अंधार पडल्यावर ये, आणि पिस्तूल कपाटात. तिला एकतीस पूर्ण झाली. सवलत काही दरवर्षी झाडाला लागत नाही. हे तिला कळतं, मला कळतं, आणि तो शिट्टीवाला बशीच्या गोष्टी करतो.

मी सगळा जन्म कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या मशिनी दुरुस्त करण्यात घालवला. एवढं शिकले की टाका चुकला की सुपरवायझर आधी शिवणाऱ्या पोरीला शिव्या घालतो आणि मग सुई वाकडी निघते.

६ फेब्रुवारी

स्प्रिंग सापडली.

रोज संध्याकाळी ती आली की आमचं ठरलेलं असतं. ती हातपाय धुते, लोखंडी कपाट उघडते, पिस्तूल काढते. गोळ्यांचं मॅगझिन बाजूला, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवलेली. आधी स्वतः आत बघते, करंगळी घालून चाचपते, मग मला दाखवते. नळी रिकामी आहे हे दोघींनी तोंडानं म्हणायचं, मग ते टेबलावरच्या फडक्यावर येतं. हे मला पटतं. यंत्राशी असंच वागावं.

जे पटत नाही ते पुढचं. माझं काम संपेपर्यंत ती समोर बसून राहते. हातात फोन, पण बोट हलत नाही. नजर माझ्या हातांवर. कधी कधी ऑफिसातलं काहीबाही सांगते, त्या लिफ्टमध्ये गाणाऱ्या साहेबाचं वगैरे. मी हं हं करते. जणू मी ते पिस्तूल पदराखाली घेऊन पळून जाणार आहे. परवा ह्यांना म्हटलंसुद्धा, तुमच्या सुनेचा माझ्यावर विश्वास नाही. हे कोडं सोडवत होते. म्हणाले, "पाच अक्षरी शब्द सांग, अर्थ 'स्वतःहून आलेला त्रास'."

तर स्प्रिंग. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते आणि जिच्या जोरावर पुढे येते ती. जुनी काढून नवीच्या शेजारी ठेवली, तर जुनी नखभर आखूड. रोज शेदोनशे गोळ्या उडवल्या की पोलादसुद्धा दमतं. बघ, म्हटलं, तुझा हात नाही. ती हसली. थोडंसंच हसली.

९ फेब्रुवारी

फरक नाही. बशीच.

स्प्रिंग बनवणाऱ्याला भर चौकात उभं करून विचारावं की बाबा, हे तू काय विकतोस. पण स्प्रिंग चांगली आहे, मी दाबून बघितली आहे. म्हणजे दुसरं काहीतरी आहे. चिडून मी रिकामी पुंगळी बाहेर ओढणारी ती नखी बदलली, टोक झिजलेलं होतंच. काडतुसावर ठोका मारणारी फायरिंग पिनही भिंगाखाली धरली. तिचं टोक थोडं फुगलंय, अळंबीसारखं. तीही बदलायला काढली.

चिरंजीवांचा फोन आला. तो कामाच्या गावी, महिन्यातून एकदा घरी. बायकोशी बोलण्याआधी माझ्याशी बोलतो, म्हणजे मला वाटतं की माझ्याशी बोलायचंय. पण आज म्हणाला, "आई, तू जरा तिचं तिला करू देत जा ना." मी विचारलं, तिनं सांगितलं का असं बोलायला? नाही म्हणाला. मग तुला कुठून सुचलं? या मुलाला चड्डीचं बटण लावता येत नव्हतं तोवर कुणी त्याचं त्याला करू दिलं नाही, आणि आता मला शिकवतोय.

राग याचा येतो की मी काय माझ्यासाठी करते? पिस्तूल उडवून काळं करून आणायचं एवढं त्या रेंजवरच्या पोरी करतात. सहा नंबरच्या लेनवर एक आहे, सूनबाईची शेजारीण. ती आपलं पिस्तूल टॉवेलात गुंडाळून ठेवते, गाजरं ठेवावीत तसं. पाच नंबरवर माझी सून. हिचं पिस्तूल आरशासारखं. का? कोणामुळे?

१२ फेब्रुवारी

आज तिच्याशी थोडं वाजलं. वाजलं म्हणजे मीच वाजले, ती कधी वाजत नाही. सात वर्षांत या घरात एकदाही वाजली नाही. लोक म्हणतात नशीब काढलंत.

ती म्हणाली, आई, आज राहू द्या, आज कमीच गोळ्या झाल्यात. मी म्हटलं, कमी झाल्या म्हणून नळीत शिसं बसत नाही का? आठवड्याच्या भांड्यांना आठवड्यानं पाणी लावतो का आपण? तिनं पिस्तूल फडक्यावर ठेवलं.

मी नळी साफ करायचा गज घातला. माझा गज मीच केलेला. कारखान्यात नव्या मशिनी आल्या, त्यांना तेलच लागत नाही, पेटी बंद, बिघडली की पेटीच बदलायची. तेव्हा दुरुस्तीवाल्या आम्हा तिघांना निरोप दिला. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते दुसऱ्या आठवड्यात बंद पडलं, आणि मी ते उघडून बघितलंसुद्धा नाही. पण शेवटच्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी लेथवर उंची पोलादाची एक सळई कातून घेतली. सरळ म्हणजे सुतात सरळ. हिच्या पिस्तुलाची नळी सुटी होत नाही, गजाला तोंडाकडूनच आत जावं लागतं. बाजारी गज वाकतात. माझा वाकत नाही.

मागे एकदा हिनं कुठूनशी एक दोरी आणली होती. दोरीच्या मध्ये ब्रश, एका टोकाला पितळेचं वजन. मागच्या बाजूनं टाकायची आणि पुढून ओढून घ्यायची. न बोलता टेबलावर ठेवून गेली होती. मी म्हटलं, ही काय बुटाची नाडी आणलीस? या नाडीनं का नळी साफ होते? ती दोरी खणात पडली आहे.

जाऊ दे. नळी आज मी दोनदा साफ केली. फडकं अगदी पांढरं निघेपर्यंत.

१५ फेब्रुवारी

काडतुसं बदलायला लावली. तीच बशी, थोडी डावीकडे सरकलेली.

आता मला झोपताना ती छिद्रं दिसतात. खाली डावीकडे, खाली डावीकडे. कोच म्हणतो ती ट्रिगर झटकते. मी जेवताना तिच्या मनगटाकडे बघत होते. घास घेताना काही थरथरत नाही. तिनं बघितलं मी बघतेय ते, आणि हात मांडीवर ठेवला.

हे म्हणाले, "अगं, तिला खाऊ दे." सगळे मलाच सांगतात की तिला काय काय करू दे.

१८ फेब्रुवारी

मी जिंकले.

रेंजवरच्या मिस्त्रींना गाठलं. त्यांना म्हटलं, माणूस बाजूला काढा, नुसतं पिस्तूल तपासा. त्यांच्याकडे लोखंडी शिकंजा आहे, त्यात पिस्तूल आवळायचं आणि लांबून उडवायचं. माणसाचा हात नाही, श्वास नाही, मन नाही. कोच नको म्हणत होता. सूनबाईसुद्धा नको म्हणत होती, आई, कशाला, चाचणी झाल्यावर बघू. मी म्हटलं, चाचणी झाल्यावर काय आरती ओवाळायचीय त्या पिस्तुलाची?

शिकंज्यातून पाच गोळ्या. कागद आणला. बशी. तीच, खाली डावीकडे. मी तो कागद कोचच्या नाकासमोर धरला, जसा त्यानं माझ्या धरला होता. म्हटलं, या शिकंज्याचं मनगट ढिलं आहे का हो? सहा नंबरवाली तोंड दाबून हसली. कोच माझ्याकडे न बघता मिस्त्रींकडे बघत होता. मिस्त्री कागदाकडे. सूनबाई जमिनीकडे.

एवढा मोठा विजय आणि कुणाच्या तोंडावर काही नाही. घरी येताना मी तिला विचारलं, तुझ्यावरचा आळ गेला, तुला आनंद कसा होत नाही? झाला ना, म्हणाली.

१९ फेब्रुवारी

आज बिघाडच सापडला. आणि डोकं भडकलंय.

कारखान्यात रेशमी कापडाचे धागे ओढले गेले की आम्ही मशिनीच्या सगळ्या कडांवरून कापूस फिरवायचो. डोळ्याला न दिसणारा खडबडीतपणा कापसाला कळतो. आज तसाच कापसाचा पेळू नळीच्या तोंडाच्या कडेवरून फिरवला. वर गुळगुळीत, उजवीकडे गुळगुळीत, आणि खाली डावीकडे तंतू अडकले. भिंगाखाली बघितलं तर कड तिथं चेपल्यासारखी, गोलाई गेलेली. गोळी नळीतून सुटते ती शेवटचं याच कडेला भेटून. कड एका बाजूला खचली की मागची हवा त्या बाजूनं आधी निसटते आणि गोळीला ढकलते. बाकी सगळं पिस्तूल ठणठणीत असून काय उपयोग?

एवढी कड उगीच जात नाही. पिस्तूल पडलंय. कुणीतरी पाडलंय आणि तोंडातून ब्र काढलेला नाही.

तिला विचारलं. नाही म्हणाली, माझ्या हातून कधीच नाही पडलं. मी म्हटलं, मग तू लघवीला वगैरे जातेस तेव्हा ते कुठे असतं? टेबलावर. आणि शेजारी कोण असतं? ती म्हणाली, आई, प्लीज, राहू द्या. पुन्हा तेच. उद्या मी रेंजवर जाणार आहे.

२० फेब्रुवारी

लिहायला बसले आहे. दोन पानं फाडून झाली.

गेले. सगळे होते. मी सहा नंबरवालीला विचारलं, तुझा धक्का लागून आमचं पिस्तूल पडलं का? ती आधी हसली, मग रडकुंडीला आली. मी आवाज चढवला. हो, चढवला. एवढ्या मेहनतीवर कुणी पाणी ओतणार आणि मी काय गाणं म्हणू? कोच आला. मी कापसाचं सांगितलं, कडेचं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "काकू, घरी नळी साफ कशी करता? कुठल्या बाजूनं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाई पुढे आली. म्हणाली, "सर, माझ्या हातून पडलं होतं. मागच्या महिन्यात. मी सांगितलं नाही."

त्या जागी एक नियम आहे, दारावरच लिहिलाय. पिस्तूल पडलं तर त्याच क्षणी सांगायचं, कारण पडलेलं हत्यार आपोआप सुटू शकतं, कुणाचा जीव जाऊ शकतो. लपवणाऱ्याला महिनाभर रेंजवर पाऊल टाकायचं नाही. कुणालाही सूट नाही, कोचच्या भाच्यालासुद्धा मिळाली नव्हती.

महिनाभर. आणि चाचणी आठवड्यावर.

कोच तिला म्हणाला, नीट विचार करून बोल. ती म्हणाली, विचार करूनच बोलतेय. मिस्त्रींच्या हातात पिस्तूल दिलं, चष्मा आणि कानाचे बोळे काढले, पिशवीत भरले आणि माझा दंड धरून मला बाहेर आणलं. रिक्षात मी तिला वाट्टेल ते बोलले. खोटारडी म्हटलं. काल माझ्या तोंडावर नाही म्हणालीस आणि आज जगासमोर हो? मी जीव टाकून सगळे भाग बदलत बसले, आणि तुला माहीत होतं? ती रस्त्याकडे बघत होती. एकदा फक्त म्हणाली, हो, मला माहीत होतं.

२१ फेब्रुवारी

बोलत नाही मी तिच्याशी. ताट वाढते आणि वळते.

चिरंजीवांचा फोन घेतला नाही.

२२ फेब्रुवारी

दुपारी हे चष्मा पुसत बसले होते. पुसता पुसता म्हणाले, "पिस्तूल पडलं तर तोंडावर पडेल ना? मग वरची माशी कशी शाबूत राहिली?"

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारका दाणा, ज्यावर नेम धरतात. तोंडावर पडलं तर आधी तोच ठेचतो. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं पिस्तुलातलं, तुम्ही कोडी सोडवा. ते म्हणाले, हेही कोडंच आहे. आणि चष्मा लावून आत गेले.

त्या पिस्तुलावरचा प्रत्येक ओरखडा मला पाठ आहे. माशीवर एकही नाही. स्लाइडवर नाही. मुठीवर नाही.

मग मी तो गज घेऊन रिकाम्या टेबलाशी बसले. पिस्तूल मिस्त्रींकडे आहे, पण मला ते लागत नाही, माझे हात सवयीनं त्या जागी जातात. डाव्या हातात पिस्तूल, उजव्या हातानं गज. माझा उजवा खांदा कारखान्यातला, वर जात नाही, म्हणून कोपर वर राहतं. कोपर वर राहिलं की गज तिरका. तिरका गज कुठे टेकणार? गजावर एक बारीक चकाकणारी पट्टी आहे. एकाच बाजूला. पोलादावर पोलाद घासून येते तशी.

खाली डावीकडे.

आज एवढंच.

२४ फेब्रुवारी

काल मी काही केलं नाही. ओटा धुतला. पुन्हा धुतला.

आज सकाळी रेंजवर गेले. कोच एकटाच होता, कागद लावत होता. मी म्हटलं, पिस्तूल पडलेलं नाही. नळी मी खराब केली. गजानं. रोज. त्यानं कागद लावायचं थांबवलं नाही. म्हणाला, "काकू, शिकंज्याच्या दिवशीच कळलं होतं मला. मिस्त्रींना तर त्याच्याही आधी."

सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींना माहीत, कोचला माहीत, सुनेला माहीत. मीच एकटी तिथे कागद नाचवत होते. असा संताप आला की त्याची शिट्टी त्याच्याच घशात कोंबावी. विचारलं, मग हिला महिनाभर बाहेर का काढलंत? तर म्हणाला, ती माझ्यासमोर, सगळ्यांसमोर म्हणाली की पडलं आणि लपवलं. मी काय करू? नियम तिनं स्वतःवर ओढून घेतला. आता तिनंच यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं की मी खोटं बोलले. तुम्ही सांगून चालणार नाही.

मी म्हटलं, मी सासू आहे तिची. तो म्हणाला, म्हणूनच.

पिस्तूल चाचणीपर्यंत मिळणार नाही. मिस्त्री कड केसभर कापून पुन्हा गोल करणार आहेत, त्यांच्याकडे आधीची कामं आहेत. आली तर क्लबचं पिस्तूल देतो, म्हणाला.

२५ फेब्रुवारी

आज या घरात भांडण झालं. खरं भांडण. ह्यांनी आधी खिडकी लावली, मग चपला घालून बाहेर गेले.

मी तिला म्हटलं, उद्या जा आणि सांग. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, माझं मी बघते, मला लाज वाटेल तर वाटू दे, तुझं वर्ष जातंय. ती म्हणाली, "सगळ्यांसमोर ते तुम्हाला विचारत होते आणि तुम्ही उत्तर देणार होतात. चांगलं ताठ उभं राहून. मला ते बघवलं नसतं." मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं माझी अब्रू झाकायला? मी काय तुझ्या पदराखालचं पोर आहे? आणि आधीपासून माहीत होतं, तर मला घरात का नाही बोललीस? चार भिंतींत? तोंड नव्हतं?

आणि मग ती वाजली.

"काय बोलू? दोरी आणली तर नाडी म्हणालात. आज राहू द्या म्हटलं तर दोनदा साफ केलंत. कारखाना सुटला तेव्हा घरी काय करत होतात आठवतंय? धुतलेले चमचे घासत होतात. दिवसभर. बाबा गच्चीत जाऊन बसायचे. मग मीच एक दिवस पिस्तूल आणून तुमच्यापुढे ठेवलं. मी ठेवलं. तुम्हाला वाटतं तुम्ही मागितलंत."

मी म्हटलं, म्हणजे उपकार केलेस माझ्यावर. नळी घालवलीस ती माझ्यावरच्या दयेपोटी.

"दया नाही. मला रोज संध्याकाळी धडकी भरायची ते बघताना. आवाज यायचा त्या गजाचा, कडेवर घासल्याचा. मला ऐकू यायचा, तुम्हाला नाही. पण सांगितलं असतं ना, तर तुम्ही माझं दुसरं काहीतरी साफ करायला घेतलं असतं."

मी बोलायला लागले. म्हटलं, ऐकून घे, उद्या आपण दोघी मिळून जाऊ, मी कोचला नीट समजावून...

"आई, तू गप्प बस ना जरा. एकदा तरी गप्प बस."

मग स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. मी गेले नाही. बसून राहिले. फार दिवसांनी या घरात दुसऱ्या कुणाचा राग ऐकू आला. माझा होताच, तो काय, कायमचा पाहुणा. पण हिचा मी कधी बघितलाच नव्हता. चांगला दणदणीत निघाला.

ती खोटं बोलली ते माझ्यासाठी, आणि ते खोटं कबूल करायला जायचं नाही म्हणते तेही माझ्यासाठीच, असं मला वाटत होतं. आता वाटतं की तसं नाही. ती चिडली आहे. चिडलेल्या माणसाला कुणी हाताला धरून नेलेलं आवडत नाही. मला तरी कुठे आवडतं?

२६ फेब्रुवारी

सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. शूटिंगचे बूट, पिशवी. मी पाणी भरत होते. कुठे, असं मी विचारलं नाही. जीभ दाताखाली धरली आणि खरंच चावली.

दारात थांबून म्हणाली, "मागे येऊ नका."

संध्याकाळी हे तिच्याशी बोलून मला सांगायला आले. सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे तिनं. मी खोटं बोलले, पिस्तूल पडलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाली, घरचं आहे. एवढंच. कोचनं चाचणीचा दिवस सोडून बाकी महिन्याची बंदी कायम ठेवली. खोट्याची शिक्षा म्हणून. मला वाटलं, जाऊन विचारावं की अरे, शिक्षा कोणाला, आणि... पण बसले.

सहा नंबरवालीची मी माफी मागायची आहे. चिठ्ठी पाठवू का, असं ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तोंडानं माग, तुझं तोंड चांगलं चालतं.

२८ फेब्रुवारी

चाचणी. मी गेले नाही. कुणी नको म्हटलं म्हणून नव्हे. बोलावलं नाही म्हणून.

तिनं क्लबचं पिस्तूल घेतलं. ते मी एकदा बघितलं आहे. बेवारशी. मुठीवर दहा जणांच्या घामाचे डाग, स्लाइड घासून पांढरी पडलेली, स्प्रिंग कुठल्या जमान्यातली देव जाणे. कुणाचंच नाही म्हणून कुणीच बघत नाही त्याच्याकडे. असल्या हत्यारानं निवड चाचणी. दुपारी जेवले नाही, हे एकटेच जेवले.

ती आली तेव्हा दिवेलागण झाली होती. बूट काढले, खुर्चीत बसली. हे म्हणाले, सांग लवकर, नाहीतर हिला काहीतरी होईल. ती म्हणाली, झाली निवड. शेवटच्या जागेवर, पण झाली.

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उभीच. मी विचारलं, आणि ग्रुप? छिद्रं? ती माझ्याकडे बघून हसली. दात दिसेपर्यंत. पिशवीतून कागद काढून टेबलावर टाकला. पाच छिद्रं, एकात एक.

"बटण," ती म्हणाली.

मी कागद उचलून दिव्याखाली धरला. खाली डावीकडे काही नाही. सगळं मध्ये. त्या घाणेरड्या, बेवारशी पिस्तुलानं. मला राग आला. आनंद झाला, नाही असं नाही, पण खरं लिहायचं तर आधी राग आला. इतका की कानशिलं तापली. माझ्या आरशासारख्या नळीनं बशी आणि त्या उकिरड्यानं बटण.

म्हटलं, ते साफ तरी करतात का कधी?

"मिस्त्री म्हणाले, दोन वर्षांत कुणी हात लावला नसेल. आई, त्याची नळी आतून इतकी काळी आहे ना, की..."

आणि ती थांबली. कारण मी उठले होते. माझं मलाच कळलं नव्हतं की मी उठले आहे. ती माझ्याकडे बघत होती, हे माझ्याकडे बघत होते.

मी खाली बसले.